अरावैपा घळई : पदभ्रमंती, मुक्काम आणि रिकामी झालेली भूमी

प्रस्तावना

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, तूसॉन शहराच्या ईशान्येस सुमारे ८० किलोमीटर अंतरावर, गालियुरो पर्वतरांगेच्या उत्तर टोकाला छेदून अरावैपा नावाचा एक बारमाही ओढा वाहतो. आजूबाजूस सोनोराचे वाळवंट, माथ्यावर सग्वारो निवडुंगांच्या रांगा, आणि खाली तीनशे मीटरपर्यंत उंचीच्या कड्यांमध्ये कॉटनवूड, सिकामोर, ॲश व विलो या वृक्षांची दाट सावली, असे या घळईचे स्वरूप आहे. अमेरिकी केंद्र शासनाच्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या विभागाकडे तिची व्यवस्था आहे. दिवसाला एकूण ५० माणसांनाच येथे प्रवेश मिळतो. पश्चिमेकडून ३० आणि पूर्वेकडून २०. एका गटात दहापेक्षा अधिक माणसे नसावीत, मुक्काम दोन रात्रींपेक्षा अधिक नसावा, पाळीव जनावर सोबत नसावे, असे नियम आहेत. आखलेली पायवाट नाही, पाट्या नाहीत, तंबूसाठी नेमून दिलेली जागा नाही. चालणारा बहुतेक वेळ ओढ्याच्या पाण्यातूनच चालतो आणि वाळूच्या उंचवट्यावर रात्र काढतो.

या व्यवस्थेचे कौतुक करणारे साहित्य विपुल आहे. त्यात सहसा न येणारा प्रश्न असा की, ५० माणसांनी जेथे आळीपाळीने दोन रात्री राहावे अशी ही भूमी निर्मनुष्य झाली कशी? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. अमेरिकेतील संरक्षित प्रदेशांच्या इतिहासाची जी मांडणी अलीकडच्या काळात रूढ झाली आहे, तिच्यात अरावैपाचे उदाहरण पूर्णपणे बसत नाही, आणि ते जेथे बसत नाही तेथेच त्याचे महत्त्व आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

'विल्डरनेस' आणि 'रान'

१९६४ साली अमेरिकी काँग्रेसने संमत केलेल्या विल्डरनेस कायद्याने एका विशिष्ट प्रकारच्या भूमीला वैधानिक व्याख्या दिली. जेथे जमीन व जीवसृष्टी मानवाच्या अंकुशाखाली नाही, आणि जेथे मनुष्य येऊन जाणारा पाहुणा असतो, वस्ती करून राहत नाही, अशी ती भूमी. व्याख्येचा भर झाडांवर किंवा प्राण्यांवर नसून माणसाच्या तात्पुरतेपणावर आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. मुक्काम करणारा मनुष्य या कायद्याला मान्य आहे. घर करणारा मान्य नाही.

या संज्ञेला मराठीत नेमका प्रतिशब्द सापडत नाही. 'अरण्य' हा शब्द जवळचा वाटतो खरा. परंतु त्याच शब्दापासून आलेल्या 'रान' या शब्दाने मराठीत निराळीच वाट धरली. ग्रामीण महाराष्ट्रात शेतकरी 'रानात' जातो तेव्हा तो पुष्कळदा शेतात जात असतो. वन्य आणि कसलेले, दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात. रानात कोणी राहतच नाही ही कल्पना त्या शब्दाला परकी आहे. पुढे दिसून येईल की, अपाची लोकांच्या दृष्टीने अरावैपा हे या मराठी अर्थाने 'रान' होते.

विल्डरनेस संकल्पनेची चिकित्सा अमेरिकेबाहेरूनही झाली. रामचंद्र गुहा यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी निबंधात, निर्मनुष्य अरण्याचा अमेरिकी आदर्श भारतासारख्या दाट वस्तीच्या देशात आणला की त्याचा भार गरिबांवर पडतो, हे व्याघ्र प्रकल्पाच्या उदाहरणाने दाखविले. १९९५ साली विल्यम क्रोनन यांनी ही निर्मनुष्यता मुळात इतिहासाने घडविलेली आहे, असा युक्तिवाद केला. मार्क डेव्हिड स्पेन्स यांनी १९९९ च्या ग्रंथात यलोस्टोन, ग्लेशियर आणि योसेमिटी या राष्ट्रीय उद्यानांतून मूलनिवासी समाजांना कसे दूर केले गेले, याचा तपशील दिला. मेळघाटातील पुनर्वसनाचे प्रश्न ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ही मांडणी अपरिचित वाटणार नाही. संरक्षण आले आणि माणूस गेला, असा तिचा सर्वसाधारण आशय आहे. अरावैपात मात्र माणूस आधी गेला, आणि संरक्षण येण्यास त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे लागली.

पूर्ववस्ती

अरावैपाचा ओढा पश्चिमेस सान पेद्रो नदीला मिळतो. या नदीच्या खोऱ्यात सोबाइपुरी नावाचा शेतकरी समाज राहत असे. स्पॅनिश सत्तेच्या काळात, १७६२ च्या सुमारास, तो पश्चिमेकडे हलला. त्याहूनही जुन्या वस्तीची खूण घळईच्या पूर्व बाजूस टर्की क्रीक या उपओढ्याच्या कड्यात आहे. इ. स. १३०० च्या आसपासचे, दगड-मातीने बांधलेले छोटे निवासस्थान तेथे अद्याप उभे आहे.

एकोणिसाव्या शतकात हा प्रदेश पश्चिमी अपाचींच्या अरावैपा व पिनाल या गटांचा होता. त्यांचे राहणे ऋतूंनुसार फिरते होते, पण ते दिशाहीन भटकणे नव्हते. वसंतात ओढ्याकाठी मका पेरावयाचा, घायपाताचे गड्डे खणून जमिनीतल्या भट्टीत भाजावयाचे, उन्हाळ्याच्या तोंडाशी सग्वारोची फळे आणि पुढे ओकची फळे गोळा करावयाची, हिवाळ्यात पुन्हा सखल भागात उतरावयाचे. दरवर्षी त्याच त्या ठिकाणी परत येणाऱ्यांच्या लेखी ते ठिकाण 'घर' असते. त्यासाठी बारा महिने छप्पर असावेच लागते असे नाही. ओढा आणि नदी यांच्या संगमाजवळील एका जागेचे अपाची नाव मोठ्या एकाकी सिकामोर वृक्षावरून पडले आहे. इयन रेकॉर्ड यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अरावैपाविषयक ग्रंथाचे शीर्षक याच नावावरून घेतले आहे.

१८७१

१८७१ च्या फेब्रुवारीत पाच वृद्ध अपाची स्त्रिया संगमाजवळच्या कॅम्प ग्रँट या लष्करी ठाण्यावर आल्या. ठाण्याचा प्रमुख लेफ्टनंट रॉयल व्हिटमन याने त्यांना चांगली वागणूक दिली. काही दिवसांनी एस्किमिन्झिन हा अरावैपांचा प्रमुख स्वतः भेटीस आला. व्हिटमनने त्याला उत्तरेकडील व्हाइट माउंटन्स भागात, जेथे अपाचींसाठी जागा राखली होती तेथे, जाण्यास सुचविले. ते आपले रान नव्हे, आपले वाडवडील या ओढ्याकाठी राहिले, येथेच मका पिकविला, अशा आशयाचे उत्तर एस्किमिन्झिनने दिल्याचे व्हिटमनने १७ मे १८७१ च्या आपल्या प्रदीर्घ पत्रात नोंदविले आहे. एका लष्करी अधिकाऱ्याच्या लेखणीतून आलेला हा मजकूर या घळईच्या मालकीसंबंधीचा महत्त्वाचा दस्तऐवज मानावा लागतो.

व्हिटमनने वरिष्ठांकडे मार्गदर्शन मागितले. त्याचा अहवाल सहा आठवड्यांनी न वाचताच परत आला. कारण पत्राच्या बाहेरील बाजूस नियमानुसार मजकुराचा गोषवारा लिहिलेला नव्हता. दरम्यान तळावरील माणसे वाढत पाचशेच्या घरात गेली. ठराविक दिवसांनी त्यांची मोजणी होई आणि शिधा वाटला जाई. ठाण्याच्या घोड्यांसाठी गवत कापून आणण्याचे काम व्हिटमनने त्यांना पौंडास एक सेंट या दराने दिले, आणि साधारण दोन महिन्यांत स्त्रियांनी व मुलांनी जवळपास तीन लाख पौंड गवत आणले. उन्हाळा जवळ आला तसा ओढ्याचा खालचा भाग आटू लागला. त्यामुळे व्हिटमनच्या परवानगीने त्यांनी आपला तळ सुमारे आठ किलोमीटर वर, घळईच्या दिशेने हलविला. पाणी हे त्याचे साधे कारण होते. पण त्यामुळे तळ ठाण्याच्या नजरेआड गेला.

तूसॉन शहरात या काळात अपाचींविरुद्ध वातावरण तापले होते. त्याला कारणेही होती. अपाची टोळ्यांचे हल्ले, गुरांची लूट व माणसांच्या हत्या यांचा अनुभव तूसॉनच्या अमेरिकी व मेक्सिकन रहिवाशांना होता, आणि तोहोनो ओओधम समाजाचे अपाचींशी असलेले वैर तर कितीतरी जुने होते. त्या वसंतातील हल्ल्यांचा दोष तूसॉनच्या पुढाऱ्यांनी कॅम्प ग्रँटच्या लोकांवर ठेवला. तेथील लोक वारंवार मोजले जात होते, ही व्हिटमनची बाजू कोणी ऐकली नाही. २८ एप्रिल रोजी विल्यम ओरी व हेसूस मारिया एलियास यांच्या पुढाकाराने १४६ जणांची तुकडी निघाली. तीत ९२ तोहोनो ओओधम, ४८ मेक्सिकन वंशाचे आणि ६ गोरे अमेरिकी होते. प्रादेशिक शासनाच्या भांडारातील शस्त्रे त्यांना पुरविण्यात आली होती.

३० एप्रिलच्या पहाटे हल्ला झाला आणि अर्ध्या तासात संपला. तळावरील बहुतेक पुरुष शिकारीसाठी डोंगरांत गेले होते. मृतांची संख्या निरनिराळ्या साधनांत निरनिराळी आहे. व्हिटमनचा नंतरचा अंदाज १२५ चा होता. हल्लेखोरांनी स्वतः १४४ चा आकडा मिरविला. मृतांत पुरुष अगदी थोडे होते, बाकी स्त्रिया व मुले, याविषयी मात्र मतभेद नाही. तिसाच्या आसपास मुले पकडून नेण्यात आली. त्यांतील काही सोनोरात विकली गेली, काही तूसॉनच्या घरांत वाढली, आणि फारच थोडी परत मिळाली. एस्किमिन्झिनच्या कुटुंबातील बहुतेक जण मारले गेले. एका लहान मुलीला घेऊन तो निसटला. धोक्याची सूचना देणारा निरोप फोर्ट लोवेलहून निघाला होता, पण व्हिटमनच्या हाती तो पडला तेव्हा सकाळ झालेली होती.

अध्यक्ष ग्रँट यांनी लष्करी कायदा लागू करण्याची धमकी दिल्यावर १८७१ च्या डिसेंबरमध्ये तूसॉन येथे शंभर आरोपींवर खटला चालला. ज्यूरीने १९ मिनिटांत सर्वांना निर्दोष ठरविले. व्हिटमनवर पुढे लष्करी न्यायालयात एकाहून अधिक वेळा आरोप ठेवण्यात आले. एस्किमिन्झिनने त्याच वर्षी, हत्याकांडानंतर, आपल्या ओळखीच्या एका गोऱ्या शेतकऱ्याच्या घरी जेवून त्याला ठार केले. ही घटनाही त्याच्या चरित्रातून वगळता येत नाही. साधुत्वाच्या चौकटीत तो बसत नाही, आणि इतिहासाने त्याला तसे बसविण्याची गरजही नाही.

१८७२ च्या मे महिन्यात जनरल हॉवर्ड यांच्या उपस्थितीत कॅम्प ग्रँट येथे तह झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस सान कार्लोस राखीव प्रदेशाची स्थापना झाली. ठाणेही ग्रॅहम पर्वताच्या पायथ्याशी हलविण्यात आले. अरावैपा व पिनाल गटांना उत्तरेस सान कार्लोसला नेण्यात आले. ओढ्याच्या काठी मोजली जाणारी पाचशे माणसे दोन वर्षांच्या आत तेथून नाहीशी झाली.

चिप कोलवेल-चँतफोन्ह यांचा २००७ चा आणि कार्ल जेकोबी यांचा २००८ चा ग्रंथ या घटनेच्या अभ्यासात महत्त्वाचे मानले जातात. जेकोबी यांनी एकच घटना ओओधम, मेक्सिकन, अमेरिकी आणि अपाची या चार दृष्टिकोनांतून स्वतंत्रपणे मांडली आहे. अपाची बाजू मांडण्यासाठी दोघांनाही मौखिक साधनांचा आधार घ्यावा लागला. १९३० च्या दशकात ग्रेनव्हिल गुडविन या मानवशास्त्रज्ञाने वृद्ध अपाचींच्या आठवणी टिपून ठेवल्या नसत्या, तर वाचलेल्यांचे शब्द आज जवळजवळ उपलब्धच नसते. ज्यांच्याकडे कागद होते त्यांचाच इतिहास उरतो, या नियमाला येथे अपवाद घडला तो एका तरुण संशोधकाच्या चिकाटीमुळे.

कुरण, खाण आणि खरेदी

अपाचींच्या पाठोपाठ गुरे आली. मेक्सिकन आणि अमेरिकी कुटुंबांनी घळईच्या दोन्ही टोकांना शेती, फळबागा व पशुपालन सुरू केले. पूर्वेकडे शिसे व अन्य धातूंच्या खाणी निघाल्या, आणि क्लोंडाइक नावाचे गाव वसले. युकॉनच्या सुवर्णशोधाहून परतलेल्यांनी ते नाव दिले. डायना हॅडली व सहकाऱ्यांनी १८७० ते १९७० या शतकातील अरावैपाच्या पर्यावरणीय बदलांवर १९९१ साली अहवाल सिद्ध केला. चराई, शेळ्यांचे कळप, जळाऊ लाकडाची तोड आणि पूर यांनी ही घळई किती बदलली हे त्यातून समजते. आज 'अस्पर्श' म्हणून जिची प्रशंसा होते ती हीच घळई.

दुसऱ्या महायुद्धानंतर ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या पाठपिशव्या आणि नायलॉनचे हलके तंबू बाजारात आले आणि आडरानात पायी हिंडणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट हा विभाग तोवर चराई आणि खनिजे यांच्या कारभारासाठी ओळखला जाई. १९६४ च्या कायद्यात त्याच्या ताब्यातील जमिनींचा समावेशच नव्हता; तो १९७६ च्या कायद्याने झाला. तरीही १९६९ साली या विभागाने अरावैपाला 'प्रिमिटिव्ह एरिया' असा दर्जा दिला. असा दर्जा मिळालेल्या त्याच्या पहिल्या काही प्रदेशांत हिची गणना होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ या संस्थेने घळईच्या लगतची पशुपालकांची जमीन खरेदी करून जॉर्ज व्हिटेल यांच्या नावाने अभयारण्य स्थापन केले. लेखक एडवर्ड ॲबी याने काही काळ तेथे राखणदाराचे काम केले. अरावैपावरील त्याचा निबंध १९८२ च्या 'डाउन द रिव्हर' या संग्रहात आहे. १९८८ मध्ये ही जमीन नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेकडे गेली. १९८४ च्या ॲरिझोना विल्डरनेस कायद्याने घळईला पूर्ण वैधानिक दर्जा मिळाला आणि १९९० मध्ये तिचे क्षेत्र वाढून १९,४१० एकर झाले.

म्हणजे ही घळई दोनदा रिकामी झाली. पहिल्या वेळी हत्याकांड, तह आणि शिध्याचे राजकारण यांनी; दुसऱ्या वेळी खरेदीखताने. दुसऱ्या वेळी जे गेले त्यांच्याकडे कागद होते आणि त्यांना किंमत मिळाली. पहिल्या वेळी जे गेले त्यांची मालकी व्हिटमनच्या पत्रातील काही ओळींपलीकडे कोठे लिहिलेली नव्हती. क्रोनन किंवा स्पेन्स यांच्या मांडणीत संरक्षक आणि विस्थापक एकच असतात. येथे ते वेगळे आहेत. विस्थापन करणारे शहरातले व्यापारी, शेजारचे शत्रू आणि उदासीन सैन्य होते. संरक्षण करणाऱ्यांच्या हाती आली ती तीन-चार पिढ्या चरून, खणून झालेली जमीन. त्यांच्यावर विस्थापनाचा आरोप ठेवणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु कायद्याची व्याख्या ज्या निर्मनुष्यतेवर उभी आहे ती निर्मनुष्यता त्यांना आयती मिळाली, हेही तितकेच खरे आहे.

मुक्कामाचे शास्त्र

मुक्कामाच्या रीतीही या काळात पालटल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकी भटक्या रानातील साधनांवर राहण्यात प्रौढी मानी. फांद्या तोडून बिछाना करणे, मोठी शेकोटी पेटविणे, कुऱ्हाडीने आडोसा उभारणे ही कौशल्ये होती आणि ती शिकविणारी पुस्तके खपत असत. जेम्स मॉर्टन टर्नर यांनी २००२ सालच्या एका संशोधन-लेखात या परंपरेचा अंत आणि 'खूण मागे ठेवू नका' या नव्या शिस्तीचा उदय यांचे विवेचन केले आहे. गर्दी वाढल्यावर कुऱ्हाडीची जागा छोट्या स्टोव्हने घेतली, बिछान्याची जागा फोमच्या गादीने. टर्नर यांचा मार्मिक मुद्दा असा की, भटक्याने रानावर अवलंबून राहणे सोडले तेव्हा तो दुकानावर अवलंबून राहू लागला. त्याची खूण रानात उमटत नाही; ती कारखान्यात आणि खाणीत, दूर कोठेतरी, उमटते.

अरावैपात या शिस्तीचे फळ दिसते, हे नाकारता येणार नाही. ओढ्यात मूळच्या माशांच्या सात जाती टिकून आहेत. त्यांपैकी स्पाइकडेस आणि लोच मिनो या दोन जातींना १९८६ मध्ये संकटग्रस्त म्हणून कायद्याचे संरक्षण मिळाले आणि २०१२ मध्ये त्यांचा दर्जा अधिक गंभीर श्रेणीत नेण्यात आला. बाहेरच्या माशांनी नदीतून वर चढू नये म्हणून ओढ्याच्या खालच्या भागात बंधारे बांधले आहेत. निर्मनुष्य म्हणविल्या जाणाऱ्या या भूमीत माणसाचा हात असा सर्वत्र आहे. दक्षिण ॲरिझोनात जिवंत पाण्याचे ओढे एकामागून एक आटत गेले असताना हा वाहता राहिला. तेव्हा विल्डरनेस ही केवळ एक कल्पित कथा आहे, असे म्हणून मोकळे होणाऱ्या टीकेला येथे आवर घालावा लागतो. पाणी कल्पित नाही.

तथापि 'खूण मागे ठेवू नका' ही शिकवण घेऊन येथे रात्र काढणारा ज्या भूमीवर झोपतो, तेथे जुन्या रहिवाशांच्या खुणा हाच त्यांच्या हक्काचा उरलेला पुरावा आहे. घायपात भाजण्याच्या भट्ट्यांचे काळे, फुटक्या दगडांचे ढीग या प्रदेशात पुरातत्त्वज्ञांना आढळतात. मुक्काम करणे म्हणजे खूण ठेवणे, ही अपाचींची रीत होती: तीच भट्टी पुन्हा उकरावयाची, त्याच वाफ्यात मका लावावयाचा, जागेला नाव द्यावयाचे. कीथ बासो यांनी सिबेक्यू येथील पश्चिमी अपाचींच्या स्थलनामांवरील १९९६ च्या ग्रंथात, जागेचे नाव उच्चारणे हेच तेथे घडलेली गोष्ट आणि तिची शिकवण सांगणे असते, हे दाखविले आहे. या दृष्टीने पाहता पाटी नसलेली घळई पदभ्रमंती करणाऱ्याला मोकळी वाटते, तर अपाची श्रोत्याला ती मुकी केलेली वाटू शकते.

संख्येचाही प्रश्न आहे. ५० हा आकडा काठावरील वनस्पती, वन्यप्राणी आणि एकांताचा अनुभव यांचा विचार करून ठरलेला प्रशासकीय आकडा आहे आणि त्यामागील हेतू स्वच्छ आहे. परंतु याच ओढ्यावर १८७१ च्या वसंतात पाचशे माणसे मोजली जात होती, गवत कापीत होती आणि पेरणीची तयारी करीत होती. घळई किती माणसे पेलू शकते हा प्रश्न परिसरविज्ञानाचा आहे. ती कोणाची माणसे, हा नाही. नियमावलीत पहिल्याचे उत्तर मिळते.

परतलेले

विस्थापन पूर्ण झाले नाही, हेही नोंदविले पाहिजे. एस्किमिन्झिन १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सान पेद्रोच्या काठी परतला. त्याने जमीन कसली, गुरे बाळगली. तूसॉनच्या दुकानदारांकडे त्याची पत होती. १८८८ मध्ये सशस्त्र जमावाच्या भीतीने त्याला ते सर्व सोडावे लागले. पुढे अपाची किड या फरारी नातेवाइकास साहाय्य केल्याच्या संशयावरून, खटला न चालविता, त्याला अलाबामातील माउंट व्हर्नन येथील लष्करी छावणीत कैदेत ठेवले. १८९४ मध्ये सुटून तो सान कार्लोसला आला आणि १८९५ मध्ये वारला. सान कार्लोसची कुटुंबे विसाव्या शतकातही ओकची आणि सग्वारोची फळे गोळा करण्यासाठी अरावैपाला येत राहिली. रेकॉर्ड यांनी घेतलेल्या वृद्धांच्या मुलाखतींत या प्रवासाच्या आठवणी आहेत. त्या मुलाखतींत हत्याकांडाविषयी फार बोलले जात नाही. पाणी कोठे गोड होते आणि कोणाचा मका कोठे होता, याविषयी अधिक बोलले जाते.

हत्याकांडाच्या वेळी तळावर असलेला दुसरा प्रमुख कॅपितान चिकितो हा अरावैपाच्या खालच्या भागात परत आला, तेथे त्याने शेती व फळबाग केली, आणि १९१९ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तो मरण पावेपर्यंत ती जमीन सोडली नाही. ओढ्याकाठची १६० एकर जमीन त्याच्या कुटुंबासाठी केंद्र शासनाच्या विश्वस्तपणाखाली नोंदली गेली आणि ती त्याच्या वंशजांकडे राहिली. महामार्ग ७७ सोडून पश्चिमेच्या प्रवेशद्वाराकडे जाणारा रस्ता ओढ्याच्या याच खालच्या भागातून वर चढतो. विल्डरनेसची हद्द पुढे सुरू होते.